याकोबमामाचं तारण

याकोबमामाला मी पहिल्यांदा पाहिलं ते पूर्णा जंक्शनच्या फलाटावर. एक उपदेशक त्याला तारणाबद्दल विचारत होता. उपदेशक बाहेरगावचा होता. पांढरा कोट, काखेत पुस्तिकांचा गठ्ठा. गाडी इंजिनात पाणी भरायला थांबली होती आणि हा गृहस्थ तेवढ्या वेळात फलाटावरच्या माणसांचे आत्मे वाचवून घेत होता. समोरून एक उंच, एका खांद्यानं वाकलेला माणूस आला. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात लांब दांड्याचं ओगराळं.

"भाऊ, तुमचं तारण झालं आहे का?" उपदेशकानं विचारलं.

त्या माणसानं बादली खाली ठेवली नाही. "सकाळचं झालं," तो म्हणाला. "दुपारचं व्हायचंय अजून. जरा सरका, मागल्या डब्यात लेकरू रडायलंय."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि पूर्णेच्या शाळेत मास्तरीण म्हणून नुकतीच रुजू झाले होते. पोलीस ॲक्शनला पाचेक वर्षं झाली होती. त्याआधी माझे वडील निजामाविरुद्धची पत्रकं छापून गावोगाव पोचवायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. आमच्या घरात देवघर नव्हतं. होती ती ओली पत्रकं वाळत घालायची दोरी. माझ्या लेखी तारण, मोक्ष, स्वर्ग हे सगळे शब्द म्हणजे गरिबाला मारलेली थाप होती. मेल्यावर घर मिळेल असं सांगितलं की तो जिवंतपणी घर मागत नाही. त्यामुळे सकाळचं तारण आणि दुपारचं तारण हे उत्तर माझ्या कुठल्याच पत्रकात बसेना. मी त्या माणसामागं डब्याडब्यानं चालत गेले.

याकोबमामा स्टेशनावर पाणीवाला होता. निजामाच्या काळात फलाटावर पाण्याचे दोन माठ असत, हिंदूंचा एक आणि मुसलमानांचा एक. पाणी वाढणारी माणसंही ठरलेल्या जातींची. राज्य बदललं, रेल्वे हिंदुस्थानच्या रेल्वेत गेली, पाट्या पुसल्या गेल्या, आणि पिंगळीच्या मांगवाड्यातून आलेल्या, पंचवीस वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेल्या याकोबच्या हातात बादली आली. कायद्यानं त्याच्या हाती बादली दिली हे ठीकच झालं. ती रिकामी करणं कायद्याला जमण्यासारखं नव्हतं.

उन्हाळ्यात एका खिडकीतल्या म्हाताऱ्यानं ओंजळ पुढं केली आणि मग मागं घेतली.

"कोण लोक तुमी?"

"पाणी नदीचं हाय. हात माझा. तहान तुमची. गाडी अजून सात मिनिटं थांबंल," याकोबमामा म्हणाला आणि पुढच्या खिडकीकडं गेला.

मी चिडले. त्या म्हाताऱ्याला चार शब्द सुनवायला निघाले, तर याकोबमामानं ओगराळं आडवं धरून मला थांबवलं. पुढचे दोन डबे पाजून तो परत त्याच खिडकीशी आला आणि काहीच झालं नव्हतं अशा आवाजात म्हणाला, "आजोबा, पाणी?" शिट्टी झाली. म्हाताऱ्यानं आजूबाजूला पाहिलं आणि ओंजळ पुढं केली.

ही त्याची रीत होती. नाही म्हणणाऱ्याला तो दुसऱ्यांदा विचारायचा, तिसऱ्यांदा कधीच नाही. मी कारण विचारलं.

"पहिल्यांदा मानूस लोकाला बघून उत्तर देतो. दुसऱ्यांदा सोताला बघून देतो. तिसऱ्यांदा इचारलं तर मंग ते आपलं भांडण झालं, त्याची तहान न्हाई राहिली."

मी त्याला मामा म्हणू लागले कारण स्टेशनातले सगळेच म्हणत. तो मला बाई म्हणे. माझी खोली रेल्वेच्या चाळीला लागून होती आणि तिच्या मागच्या भिंतीला त्याचं घर. बायको वारलेली, मुली सासरी. सकाळी भिंतीपलीकडून त्याची प्रार्थना ऐकू यायची. देवाशी तो स्टेशनमास्तरशी बोलावं तसा बोले, अदबीनं पण तक्रारी दडवून न ठेवता.

मालधक्क्याच्या मागं पत्र्याचं एक देऊळवजा शेड होतं. तेच ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनामंदिर. पंचवीसेक घरं. रविवारी मी तिथं जाऊन मागं बसू लागले. भक्ती म्हणून नव्हे. पत्रकासाठी मालमसाला मिळेल म्हणून. तिथं साक्ष द्यायची पद्धत होती. एकेक माणूस उठून आपलं तारण कसं झालं ते सांगायचा. एकाची दारू सुटलेली, एकाला साप चावून तो वाचलेला, एकीचा नवरा घरी परत आलेला. याकोबमामा कधी उठला नाही. पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, एकदा भर सभेत त्याचं नाव घेतलं तेव्हा बसल्या जागेवरूनच म्हणाला, "माझं अजून चालू हाय साहेब. संपलं की सांगतो." लोक हसले. तो हसला नव्हता.

पाळकसाहेब जिल्ह्याच्या गावाहून तीन महिन्यांतून एकदा यायचे आणि त्या रविवारी प्रभुभोजन असायचं. भाकरीचा तुकडा आणि मनुका उकळून गाळलेला रस. तो रस एका कल्हईच्या पितळी प्याल्यात. प्याला बुडाशी चेपलेला होता. सतरंज्यांवर रांगा धरून बसलेली माणसं एकेक घोट घेऊन तो पुढं द्यायची. बाहेरच्या माणसाला यात पाहण्यासारखं काही नाही. पण त्याआधीचा आठवडा पाहण्यासारखा होता. त्या आठवड्यात याकोबमामा घरोघर जायचा. दारात उभा राहून एकच प्रश्न विचारायचा, "कुणाशी अबोला हाय का?" असेल तर रविवारच्या आत मिटवायचा, नाहीतर भाकरीला हात लावायचा नाही, असा तिथला नेम होता. नेम जुना होता. पण तो पाळून घेणारा याकोबमामा एकटा.

त्या आठवड्यात पूर्णेच्या त्या वस्तीत काय काय मिटायचं. कोंबडीवरून तुटलेल्या दोन जावा एकमेकींच्या दारात हसू दाबत उभ्या राहायच्या. रेल्वेतल्या एका खलाशानं सासऱ्याला निरोप पाठवला, "बोलतो म्हनावं, पर सोमवारपासून परत सांगता येत न्हाई." याकोबमामा म्हणाला, "सोमवारचं सोमवारी बगू."

एकदा तो माझ्याच दारात येऊन उभा राहिला. शाळेतल्या एका बाईंशी माझं वाजलं होतं, कारण मी वर्गात पत्रक वाचून दाखवल्याची चुगली त्यांनी वर केली होती. हे त्याला कुठून कळलं कोण जाणे.

"मी तुमच्या मंडळीतली नाही मामा," मी म्हणाले.

"मंडळी नसंल. भिंत लागून हाय. तुमचा अबोला इकडं ऐकू येतो."

"त्या चुकल्यात. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व ठेवा की. कुणी मागितलंय? नुसतं बोला म्हनलं."

मी बोलले नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन विचारून गेला. तिसऱ्यांदा आला नाही, आणि त्याचं न येणं मला त्या विचारण्याहून जास्त लागलं.

आता प्याल्याची गोष्ट सांगायला हवी. याकोबमामा म्हणजे काय होता ते त्याखेरीज कळणार नाही.

मंडळीतली जुनी घरं महारवाड्यांतून आलेली. दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेली, शिकलेली, रेल्वेत लागलेली. त्यांच्यात मोठा माणूस शमुवेल मिस्त्री, लोको शेडमधला फिटर. प्रार्थनामंदिरावरचा पत्रा त्यानं स्वतः चढून ठोकला होता. गाण्याला त्याचा आवाज नसला तर गाणं उभंच राहायचं नाही. नव्यानं आलेली पाच घरं पिंगळीच्या मांगवाड्यातली, रुळांवर गँगमध्ये काम करणारी. याकोबमामाच्याच नात्यातली. गावानं या दोन वाड्यांना शतकानुशतकं एकमेकांच्या हातचं न खायला शिकवलं होतं. दोघांनाही आपल्या पायाखाली दाबणाऱ्या गावानं दोघांत एक पायरी ठेवली होती, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यात ती पायरी पुरती बुडाली नव्हती.

पिंगळीच्या लोकांचं ते पहिलं प्रभुभोजन. याकोबमामानं त्यांना मुद्दाम सगळ्यांच्या मधोमध बसवलं. प्याला सरूबाई नावाच्या पिंगळीच्या बाईकडून शमुवेल मिस्त्रीकडं आला. मिस्त्रीनं तो हातात घेतला. काठाकडं पाहिलं. आणि ओठाला न लावता पुढं दिला. त्याच्या मागची सगळी रांग तसंच करत गेली. प्याला फिरून याकोबमामाकडं आला तेव्हा तो जवळजवळ भरलेला होता.

तीन महिन्यांनी पाळकसाहेब आले ते दुसरा प्याला घेऊन. नवा, चकचकीत. "स्वच्छतेचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "शहरातल्या मंडळ्यांमध्ये तर आता प्रत्येकाला वेगळी पेली असते."

"मंग परत्येकाला येगळी द्या साहेब," याकोबमामा उठून म्हणाला. "माझी ना न्हाई. पर ह्या रांगंला हा अन् त्या रांगंला तो, हे सफाईसाठी न्हाई."

"याकोब, मंडळी टिकली पाहिजे."

"कुठली, साहेब? ही का ती?"

मिस्त्री जागेवरूनच बोलला. तो वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण होती. "आमी दोन पिढ्या घासलं सोताला, याकोब. लोक आता कुठं आमाला मिस्त्री म्हनायलेत, साहेब म्हनायलेत. तुझी मानसं काल आली. त्यांच्या पंगतीला बसलो की गाव परत म्हनंल, हे सगळे सारखेच."

"मंग खरंच की," याकोबमामा म्हणाला. "सारखे हावोत म्हनूनच तर आलो ना हितं?"

पाळकसाहेबांनी दोन्ही प्याल्यांत रस ओतला. याकोबमामानं रांगेतून अंग काढलं आणि दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. "दोन्ही भरा," तो म्हणाला. "मी कुठल्याच रांगंत न्हाई."

मला त्या वेळी एवढाच अर्थ लागला की याकोबमामानं बहिष्कार घातला, उत्तम केलं. त्याला ते केवढ्याला पडलं हे संध्याकाळी कळलं. तो पाराच्या कट्ट्यावर बसला होता आणि त्याचे हात मांडीवर रिकामे पडले होते. एरवी ते कधी रिकामे नसायचे. तो खरोखर मानत होता की त्या तुकड्यात आणि त्या घोटात त्याचा जीव आहे. ती त्याची समजूत नव्हती, भूक होती. पंचवीस वर्षांत त्यानं एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. काविळीत असताना बाजेवरून उचलून आणवलं होतं स्वतःला.

"मग तुमच्या तारणाचं काय आता?" मी विचारलं. विचारताना आवाजात थोडी टोचणी होती, ती आज मला बोचते.

"तेच तर अडकलंय," तो म्हणाला. "बाई, एकट्याचं तारण म्हंजे एकट्याचं जेवण. पोट भरतंय. पंगत व्हत न्हाई. अन् प्रभूनं तर पंगतच मांडली व्हती."

मी त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं. 'देवाच्या दारी दोन प्याले' असा मथळा. कोणाचं नाव घातलं नाही, पण 'एक फिटर' असं लिहिलं, म्हणजे घातल्यासारखंच. परभणीला छापून आणलं आणि आठवडी बाजारात आणि लोको शेडच्या फाटकावर वाटलं. लिहिताना एकदाही खोडावं लागलं नाही, आणि मला वाटलं की न्यायाचं लिहिणं असंच असतं.

परिणाम झाला. लोको शेडमध्ये चहाच्या वेळी कोणीतरी मिस्त्रीपुढं दोन पेले मांडले. "मिस्त्री, यातला तुमचा कंचा?" दुसऱ्या दिवशीही तेच. हे विचारणाऱ्यांत असे लोक होते जे स्वतःच्या घरात मिस्त्रीला कुठल्याही पेल्यात पाणी देणार नव्हते. त्यांना माझं पत्रक आवडलं होतं. रविवारी मिस्त्री आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. त्याच्या आवाजाविना गाणी सपाट पडली. मला मात्र जिंकल्यासारखं वाटत होतं.

याकोबमामा घडी घातलेलं पत्रक घेऊन आला. माझ्यासमोर बसून त्यानं बोट ठेवत ते पुन्हा एकदा सगळं वाचलं. त्याला वाचायला वेळ लागायचा.

"यात खोटं एक बी न्हाई," तो म्हणाला.

"मग?"

"तुमाला तो हरायला पायजे व्हता. मला तो पंगतीत पायजे. आता तो हरला, बाई. हरलेला मानूस कसा येनार?"

मी वाद घातला. अन्यायाचं नाव घेतल्याशिवाय तो जात नाही, गप्प बसणं म्हणजे साथ देणं, वगैरे. माझं काही चुकत नव्हतं आणि तो तसं म्हणतही नव्हता. माझं बोलून संपल्यावर त्यानं मला त्याची साक्ष सांगितली. मंडळीत पंचवीस वर्षं न सांगितलेली.

त्याचा बाप हलगी वाजवायचा. पंचक्रोशीत तसा हात नव्हता. लग्न, जत्रा, मयत, सगळीकडं बापाची हलगी आणि बापाच्या वाट्याला दाराबाहेरचं शिळं. याकोबनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा उपदेशकांनी सांगितलं, जुनं सगळं टाका. त्याला वाटलं, हलगी म्हणजेच मांगपण. ती गेली की आपण सुटलो. बाप बाहेर गेलेला असताना त्यानं हलगी चुलीत घातली.

"चामडं जळताना वास येतो बगा," तो म्हणाला. "मला वाटलं, हा पापाचा वास. आनंदानं गानं म्हनलं म्या. वाटलं, झालं माझं तारण."

बाप परतला. चुलीच्या राखेत हलगीचं लोखंडी कडं सापडलं. तो पुढं आठ वर्षं जगला आणि मुलाशी एक शब्द बोलला नाही. बापाला ती वाजवायची लाज नव्हती. गावानं त्याला लाज दिली होती, आणि त्याचे हात तरीही ते वाजवणं जाणत होते. बाप मरताना याकोब उशाशी बसला. "आबा, बोला," म्हणाला. बापानं तोंड भिंतीकडं केलं.

"लाज गावची व्हती. जाळली म्या बापाची हलगी. खरंच व्हतं की ते बी, जुनं टाका म्हनले व्हते. पर बाप भाईर राहिला, अन् मी आत बसून गात व्हतो. तवापसून मला एकट्यानं आत बसवत न्हाई."

मग तो उठला. "चला. मिस्त्रीकडं जाऊ."

मी गेले. मिस्त्रीच्या ओसरीवर उभी राहून मी जे बोलले ते माझ्या मनात नीट जुळवून ठेवलेलं होतं. "मी लिहिलं ते खरं आहे असं मला आजही वाटतं. पण तुमच्या तोंडावर न सांगता ते बाजारात वाटलं, ते चुकलं." त्याची बायको मार्थाबाई आतून पाणी घेऊन आली. पेला मला दिला. मी प्यायले. तोच पेला विसळून, भरून तिनं याकोबमामाला दिला. मिस्त्री भिंतीकडं पाहत राहिला.

"तुला पानी पाजायला माझी ना न्हाई," शेवटी तो म्हणाला. "घरात पी, दारात पी. पर मंडळीसमोर मला ल्हान करू नगंस."

"ल्हान तर व्हावंच लागतंय मिस्त्री. दार ठेंगणं हाय. मी तर उंच, मलाच जास्ती वाकावं लागतंय."

मिस्त्रीला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात दडवलं. पुढच्या रविवारी तो आला. गाणं पुन्हा उभं राहिलं. पण दोन प्याले राहिले, आणि याकोबमामा पायरीवर राहिला.

हे अडीच वर्षं चाललं. दर तीन महिन्यांनी तो आधीचा आठवडाभर घरोघर फिरून अबोले मिटवायचा. मिस्त्रीच्या दारातही जायचा, "अबोला हाय का?" विचारायचा, आणि मिस्त्री म्हणायचा, "तुझ्याशी कसला अबोला? तू बोलायचा थांबशील तवा ना." रविवारी सतरंज्या तो स्वतः अंथरायचा, प्याले तो स्वतः घासायचा, दोन्हीही, आणि भाकरी मोडायची वेळ झाली की बाहेर जाऊन बसायचा. पिंगळीची सरूबाई एकदा चिडून म्हणाली, "मंग आमी बी उठतो मामा. आमच्यासाठी तू उपाशी अन् आमी खायचं व्हय?" त्यानं तिला दटावलं. "तुमी घ्या. तुमची भूक नवी हाय. माझं चालंल."

पाळकसाहेबांनी त्याला बजावलं की इतके वेळा प्रभुभोजन न घेणाऱ्याचं नाव मंडळीच्या वहीतून कमी करावं लागतं, नियम आहे. "करा कमी," तो म्हणाला. "मी येत ऱ्हाईन." त्यांनी नाव कमी केलं. तो येत राहिला. सतरंज्या अंथरत राहिला. मी आयुष्यात खूप निदर्शनं पाहिली आहेत, काहींत लाठ्याही खाल्ल्या आहेत. ज्यांच्याविरुद्ध बसायचं त्यांच्याच सतरंज्या अंथरणारा सत्याग्रही मी दुसरा पाहिला नाही.

आणि शाळेतल्या त्या बाईंशी मी बोलायला लागले होते. तत्त्व जिथल्या तिथं होतं.

मग माझी जिंतूरला बदली झाली. निघायचा दिवस रविवार होता, आणि नेमका प्रभुभोजनाचा. सामान पुढं धाडलं होतं. दुपारच्या गाडीनं परभणी आणि तिथून मोटार. सकाळी मी शेवटचं म्हणून त्या पत्र्याच्या शेडमध्ये मागं जाऊन बसले.

दोन रांगा. मध्ये हातभर उघडी जमीन. दोन प्याले भरले गेले. याकोबमामा पायरीवर जाऊन बसला होता. पितळी प्याला पिंगळीच्या रांगेत निघाला, तेवढ्यात मार्थाबाई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला. ती उघडी जमीन ओलांडून सरूबाईच्या शेजारी जाऊन बसली, मांडी घातली आणि हात पुढं केला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. सरूबाईनं घोट घेऊन प्याला तिच्या हातात दिला. मार्थाबाईनं काठ पुसला नाही. प्यायली.

मग तिच्या मागं तिची सून उठली. मग एक म्हातारा. मग रांगच राहिली नाही, माणसं दिसेल तिथं बसली. पाळकसाहेब दुसरा प्याला हातात घेऊन उभे होते आणि तो मागायला कोणी नव्हतं. मग त्यांनी नव्या प्याल्यातला रस जुन्यात ओतला. ओतण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

शमुवेल मिस्त्री उठला. कोणाकडं न बघता सरळ दारातून बाहेर गेला, पायरीवर बसलेल्या याकोबमामाला ओलांडून, आणि कडुनिंबाखालच्या लांब दगडावर जाऊन बसला.

सगळ्यांच्या माना दाराकडं वळलेल्या. पाळकसाहेब स्वतः प्याला घेऊन उंबऱ्यापर्यंत आले. "याकोब," ते म्हणाले, "आता ये. नाव मी पुन्हा लिहीन. आता एकच आहे."

याकोबमामा उठला. दोन्ही हात कोटाला पुसले. प्याल्याकडं पाहत राहिला. मी जवळच होते. अडीच वर्षं. दोन हात पुढं करायचे, एवढंच बाकी होतं, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, घे, आता घे, हे तुझंच आहे.

"अजून एक मानूस भाईर हाय, साहेब," तो म्हणाला.

आणि पायरी उतरून कडुनिंबाकडं गेला. मी दारापर्यंत आले.

"जा की आत," मिस्त्री त्याच्याकडं न बघता म्हणाला. "जिंकलास तू."

"सरक जरा."

"मी यायचा न्हाई, याकोब. आज न्हाई अन् उद्या बी न्हाई."

"बरं."

"मंग कशाला बसायलास हितं?"

"मला तरी कुठं जायचंय."

मिस्त्री सरकला.

माझ्या गाडीची वेळ झाली होती. दोघांना नमस्कार करून जावं असं वाटलं, पण त्या दगडाजवळ जायचं धैर्य झालं नाही. पुढं काय झालं ते मला माहीत नाही. पत्र टाकून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण याकोबमामा उठला नसणार एवढं मला पत्राशिवाय ठाऊक आहे.

प्याल्यात उरलेला रस त्याच दिवशी संपवायचा असा तिथला नियम आहे. मालधक्क्याच्या वळणावरून मी मागं पाहिलं तेव्हा आत गाणं सुरू झालं होतं, मिस्त्रीच्या आवाजाविना, जरा खालच्या पट्टीत. पाळकसाहेबांनी प्याला संपवला नव्हता. रुमालानं झाकून तो उंबऱ्यावर ठेवला होता. आणि बाहेर एकाच दगडावर ते दोन म्हातारे बसले होते, एकमेकांकडं न बघता.